फ्रिजचा दिवा लागतो पण कॉम्प्रेसर सुरू होत नाही. मेकॅनिक कॉम्प्रेसर बदला म्हणतो. बदलू का?

इतक्यात नको. फ्रिज सुरू होताना व्होल्टेज किती पडतं ते कुणी मोजलं का?

आमचं घर देवगडला, खाडीच्या काठावर. मे महिन्यात फ्रीजर हापूसच्या रसाने भरलेला आणि आमचा फ्रिज असाच अडला. घूंऽऽ आवाज, थोड्या वेळाने टक्, मग शांत. चार-पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मेकॅनिकने मीटर न लावताच कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं. भावोजींनी सॉकेटमध्ये टेस्टर घातला, तो लागला. "लाइट व्यवस्थित येते वहिनी, नवीन फ्रिज घ्या." मी म्हटलं, टेस्टर फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आहे एवढंच सांगतो, न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटली तरी तो लागतो. आणि एलईडी दिवा कमी व्होल्टेजवरही लागतो. कुणी ऐकेना.

शेजारच्यांकडून मीटर आणला. सॉकेटला एक्स्टेंशन लावलं, एकात फ्रिज, दुसऱ्यात मीटरच्या पिना. फ्रिज गप्प असताना 226 व्होल्ट. घूं सुरू झालं की 150. त्याच वेळी मेन बोर्डावर 220! मेन बंद करून सॉकेट उघडलं. न्यूट्रलच्या स्क्रूखाली तांब्यावर हिरवा कळंक, भोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं, वायर जराशी ओढली तर हातात आली. आमच्याकडची खारी हवा तांबं असंच खाते. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली, नवीन सॉकेट बसवलं. रस वाचला, तोच फ्रिज आजही चालू आहे.

मेन बोर्डावरच व्होल्टेज पडत असेल तर दोष घराबाहेर, खांबावरच्या जोडापासून बघायला वायरमनला बोलवा. स्टॅबिलायझर घ्यायला धावू नका, सैल जोड त्याने घट्ट होत नाही. व्होल्टेज टिकूनही घूं-टक् चालूच असेल तर आधी कॉम्प्रेसरला सुरू करणारा रिले, जास्त करंट झाला की त्याला बंद करणारा ओव्हरलोड आणि असल्यास कपॅसिटर तपासायला लावा. कॉम्प्रेसर सगळ्यात शेवटी.

हे साध्या कॉम्प्रेसरचं झालं. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्डही बघावं लागतं. मीटर धरायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच मोजून घ्या. आणि घरातले दिवे अचानक प्रखर झाले तर मोजत बसू नका, मेन पाडा. न्यूट्रल सुटलेली असू शकते.

भावोजी अजून म्हणतात, वहिनींचं नशीब म्हणून फ्रिज चालला. नशीब नव्हे. 70 व्होल्ट त्या एका स्क्रूखाली मरत होते. दोन्ही आकडे मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलेत.