'लेबल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: ऑनलाइन अर्जाचं मराठीकरण करताना रकान्याच्या 'लेबल'ला, म्हणजे तिथे काय भरायचं ते सांगणाऱ्या शब्दांना, 'शीर्षक' म्हणावं की 'नामपट्टी'? आणि रकान्यात फिकट अक्षरांत 'येथे नाव लिहा' असं दिसत असेल, तर वेगळं लेबल हवंच कशाला?

'नामपट्टी' दारावर शोभते. 'शीर्षक' हा शब्द मी 'लेजंड'साठी राखून ठेवेन, म्हणजे 'होय' आणि 'नाही' या दोन पर्यायांच्या वर जो मूळ प्रश्न असतो त्याच्यासाठी. तो गटाच्या डोक्यावरच बसतो. लेबलला मात्र मी सरळ 'रकान्याचं नाव' म्हणतो. स्क्रीन रीडर, म्हणजे अंध माणसाला पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, रकान्याची ओळख म्हणून जे वाचून दाखवतो, त्याला जाणकारही 'ॲक्सेसिबल नेम' म्हणतात. म्हणजे फिरून नावच.

हे नाव रकान्याशेजारी नुसतं छापून भागत नाही, ते त्याच्याशी बांधावं लागतं. कोडमध्ये लेबलला 'फॉर' नावाचा गुणधर्म असतो; त्यात रकान्याचा 'आयडी', म्हणजे त्याची कोडमधली खूण, जसाच्या तसा लिहायचा. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या १९९७ च्या चौथ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. ती नसेल तर टॅब दाबत जाणाऱ्या अंध माणसाला 'एडिट', पुन्हा 'एडिट' एवढंच ऐकू येण्याची शक्यता असते. बांधलेलं असेल तर 'मोबाइल क्रमांक, एडिट'. तपासायला स्क्रीन रीडरही लागत नाही: 'मोबाइल क्रमांक' या शब्दांवर क्लिक करा, कर्सर रकान्यात गेला पाहिजे. चौकटीत बरोबरची खूण करायची असेल तर याचा फायदा थरथरत्या हातालाही होतो, कारण इवल्याशा चौकटीऐवजी अख्ख्या वाक्यावर बोट टेकवलं तरी चालतं.

आता ती फिकट अक्षरं, म्हणजे प्लेसहोल्डर. त्याला 'नमुना' म्हणा, म्हणजे त्याचं काम आपोआप कळतं. नमुना पहिलं अक्षर टाइप करताच गायब होतो. अर्ज भरून झाल्यावर वरून नजर फिरवावी, तर दोन रकान्यांत दोन आकडे, आणि पिन कोड कुठला नि ग्राहक क्रमांक कुठला याचा पत्ता नाही! शिवाय तो फिका असतो. वेबपानं अपंगांसह सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या निकषांत साध्या मजकुरासाठी रंगभेदाचं प्रमाण किमान ४.५ : १ हवं आहे, आणि पुष्कळ नमुने तिथेच नापास होतात.

भाषांतर करणाऱ्यांची एक चूक मात्र नेहमीची. दिसणारा मजकूर मराठीत येतो आणि कोडमधलं 'एरिया-लेबल' (aria-label), म्हणजे स्क्रीन रीडरसाठी आत लिहिलेलं नाव, इंग्रजीतच राहतं, कारण ते डोळ्यांना दिसतच नाही. डेव्हलपरकडून तीही यादी मागून घ्या. दिसणारे शब्द आतल्या नावातही असावेत, असा निकष २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये आहे. तो पाळला नाही की आवाजाने संगणक चालवणारा माणूस पडद्यावर वाचून 'शोधा' अशी हाक मारतो आणि बटण ओ देत नाही. त्याचं आतलं नाव अजून 'सर्च'च असतं.