‘उडती तबकडी’ हा शब्द दुसऱ्या महायुद्धाला लावावा का?

‘1944 साली जर्मनीवरून उडणाऱ्या अमेरिकी वैमानिकांना उडत्या तबकड्या दिसल्या’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘सॉसर’ म्हणजे बशी असताना मराठीत तबकडी कशी आली, असे दोन प्रश्न आले आहेत. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते विस्ताराने द्यायला हवे, कारण नाझींच्या गुप्त विमानांविषयीच्या कटकथांचा मोठा आधार म्हणजे नेमका हा कालविपर्यास आहे.

हा शब्द 1947 चा आहे. त्या वर्षी 24 जूनला केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाने अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, माउंट रेनियरजवळ, नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जावी तशा त्या जात होत्या, असे त्याने सांगितले; हे वर्णन गतीचे होते, आकाराचे नव्हे, असे तो पुढे सांगत राहिला, आणि त्यांपैकी एक वस्तू तर त्याने चंद्रकोरीसारखी दाखवली. मथळ्यांत मात्र ‘फ्लाइंग सॉसर’ हे नाव काही दिवसांतच रूढ झाले, आणि मग आकाशात गोल तबकड्या पाहिल्याच्या बातम्यांचा पूर आला.

नोव्हेंबर 1944 मध्ये ऱ्हाईनच्या खोऱ्यावर रात्री उडणाऱ्या अमेरिकी 415 व्या स्क्वाड्रनच्या (विमानतुकडीच्या) वैमानिकांनी जे नोंदवले, ते विमानाच्या मागोमाग येणारे लालसर प्रकाशगोळे होते. ‘स्मोकी स्टोव्हर’ या चित्रमालिकेतील ‘फू’ हा निरर्थक शब्द उचलून त्यांनी त्यांना ‘फू फायटर’ म्हटले. व्ही-2 अग्निबाण आणि मी-262 हे जेट विमान युद्धात उतरलेले असताना हेही शत्रूचे नवे अस्त्र असावे, ही त्यांची शंका स्वाभाविकच होती. आकाशातील अशा अनोळखी वस्तूंच्या नोंदी तपासण्यासाठी 1953 मध्ये अमेरिकेत नेमलेल्या रॉबर्टसन समितीने विद्युत्भाराचे आविष्कार किंवा हिमकणांवरील परावर्तन अशी कारणे संभवनीय मानली. म्हणून मराठीत ‘प्रकाशगोळे’ किंवा सरळ ‘फू फायटर’ लिहावे.

जर्मनांनी तबकड्या बनवल्याचे जाहीर दावे अर्नोल्डनंतर, 1950 च्या मार्चमध्ये आले: इटलीत मुसोलिनीचे माजी मंत्री ज्युसेप्पे बेल्लुझ्झो यांचा आणि जर्मनीत रुडॉल्फ श्रीवर यांचा. म्हणजे नाव आधी रुळले आणि त्या नावाच्या आकाराचे विमान मागाहून युद्धकाळात नेऊन ठेवले गेले. या कथित नाझी तबकड्यांची ‘हाउनेबू’ वगैरे नावे तर त्याहूनही कित्येक दशकांनी प्रचारात आली. 1970 च्या दशकात ज्यूंच्या संहाराचा इन्कार करणारे अर्न्स्ट त्स्युंडेल यांनी या कथा हिरिरीने पसरवल्या, हे विसरून चालणार नाही. नाझींचे खरे गुप्त अस्त्र असलेले व्ही-2 मिटेलबाउ-डोरा छळछावणीतील कैद्यांकडून भूमिगत कारखान्यात बनवून घेतले जात होते आणि तेथे हजारो माणसे मेली; ‘अद्भुत तबकड्यां’च्या गोष्टींत या माणसांना जागाच उरत नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

फेब्रुवारी 1945 मध्ये ओरानिएनबुर्ग येथे उडालेले हॉर्टेन बंधू या जर्मन विमानरचनाकारांचे जेट खरे होते, पण ते शेपटीविना केवळ पंखाच्या आकाराचे होते. त्यालाही तबकडी म्हणू नये.

आता बशीविषयी. ‘बशी’ हा सॉसरचा नेमका प्रतिशब्द असला, तरी तो कपाशी जोडला गेला आहे. ‘तबकडी’ हे अरबी मूळ असलेल्या ‘तबक’ शब्दाचे लघुत्वदर्शक रूप असून ग्रामोफोनच्या चकतीलाही आपण तेच म्हणत आलो आहोत, त्यामुळे गोल, चपट्या, फिरत्या वस्तूसाठी तो सहज बसतो. शब्द म्हणून तो उत्तम आहे. कॅनडातील अ‍ॅव्हरो कंपनीने अमेरिकी लष्करासाठी बनवलेल्या, 1959 मध्ये जमिनीपासून जेमतेम मीटरभर उचलल्या गेलेल्या आणि 1961 मध्ये सोडून दिलेल्या ‘अ‍ॅव्हरोकार’ला ‘उडती तबकडी’ म्हणायला मुळीच हरकत नाही. ती खरोखरच तबकडीच्या आकाराची होती.