कालव्याच्या गावाचे जुने नकाशे वाचताना

सुरुवात कालवा शोधण्यापासून करू नकोस. नकाशा कोणत्या मोजणीचा आहे, हे आधी बघ. इंदापूरकडची मूळ मोजणी १८३० च्या दशकातली, तर नीरा डावा कालवा १८८० च्या दशकातला. मग मूळ शीटवर कालवा दिसलाच, तर तो मागाहून चढवलेला असणार. शाई, रेघेची जाडी आणि अक्षराचं वळण भिंगातून बघितलंस की ते कळतं.

कालव्यासाठी जमीन गेली की सर्व्हे नंबर मधोमध चिरला जातो. एकाच नंबराचे तुकडे दोन्ही काठांना दिसले तर गोंधळू नकोस. पुढे १९४७ च्या कायद्याखाली विखुरलेल्या जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. त्यामुळे आजच्या सातबाऱ्यावरचा आकडा थेट जुन्या नकाशात शोधणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारं पत्रक भूमी अभिलेख कार्यालयात माग.

इथली जमीन मोजायची साखळी ३३ फुटांची, इंग्रजांची ६६ ची. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा.

आजच्या उपग्रह चित्रावर नकाशा बसवायचा असेल तर ओढ्यावर भिस्त ठेवू नकोस, तो सरकतो. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड, जुनी बांधीव विहीर, देऊळ असे बिंदू घे, तेही चारी कोपऱ्यांत पसरलेले. कारण नकाशाचा कागद आणि कापड सगळीकडे एकसारखं आकसत नाही.

आणि नुसत्या नकाशावर थांबू नकोस. जुन्या नोंदीत जमीन पाटस्थळ (पाटाच्या पाण्यावरची) आहे की मोटस्थळ (विहिरीच्या मोटेवरची), हे सापडलं तर पाणी कुठवर पोचत होतं ते खरं समजतं. नकाशावरची चारी, म्हणजे कालव्यातून शेतात पाणी नेणारा छोटा पाट, शेवटच्या शेतापर्यंत जाते. पाणी जातंच असं नाही.