महाल उरण : राजवाडा नव्हे, अर्धा तालुका

प्रश्न असा आहे : आजोबांच्या खरेदीखतात ‘महाल उरण, तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा’ असं लिहिलंय. उरणला कुणाचा महाल होता? आणि कुलाबा तर मुंबईत ना?

राजवाडा वगैरे काही नाही. इथला महाल म्हणजे तालुक्याचा पोटविभाग. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘उतरण्याची, मुक्कामाची जागा’. त्यातूनच राहण्याची जागा म्हणून लालमहालातला महाल आला, वस्ती म्हणून मोहल्ला आला, आणि मोगली दफ्तरात सारावसुलीच्या मुलखालाही महालच म्हणू लागले. ‘ऐन-ए-अकबरी’त महाल जागोजागी भेटतात ते या अर्थाने. गुजरातेतल्या पंचमहालातही पाच राजवाडे शोधू नयेत. गोध्रा, दाहोद, हालोल, कालोल, झालोद हे ते पाच मुलूख.

इंग्रजी अमलात तालुक्यावर मामलेदार आणि त्याच्या पोटातल्या महालावर महालकरी, अशी उतरंड होती. महालकऱ्याचे अधिकार मामलेदारापेक्षा कमी. (महालकरी हे आडनाव मात्र अजून ऐटीत आहे.) अशा पोटविभागाला पेटा असंही म्हणत : पेणच्या पोटात नागोठणे, कर्जतच्या पोटात खालापूर, शहापूरच्या पोटात मोखाडा. मोखाड्याचा नकाशा पाहिला की कारण कळतं. डोंगर, दऱ्या, पावसात बंद होणाऱ्या वाटा. तिथल्या माणसाने दर कामाला शहापूरची कचेरी कशी गाठायची? उरणला डोंगरांची अडचण तितकी नाही, पण दोन बाजूंना समुद्र आणि खाडी, मधे मिठागरं. म्हणजे तेही जरा बाजूलाच पडलेलं.

स्वातंत्र्यानंतरही हे महाल लगेच गेले नाहीत. १९६० साली उंबरगाव गुजरातेत गेलं तेव्हा त्यातली जी गावं महाराष्ट्रात राहिली त्यांचा नंतर तलासरी महालच झाला. पुढे एकेका महालाला तालुक्याचा दर्जा मिळत गेला आणि शब्द कागदात उरला.

आता कुलाबा. हा मुंबईतला नव्हे, अलिबागच्या समुद्रातला, आंग्र्यांचा किल्ला. त्याच्यावरूनच जिल्ह्याला नाव पडलं. १८६९ला स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा पनवेल-उरण ठाण्यात होतं, ते १८८३ला कुलाब्यात आलं, कर्जत १८९१ला. १९८१पासून जिल्ह्याचं नाव रायगड. तेव्हा खरेदीखतातली जागा आजच्या भाषेत ‘तालुका उरण, जिल्हा रायगड’. जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) शोधताना मात्र पनवेलच्या नावाखालीही बघा.