दिंडीचं सामान भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली निघण्याआधी वजनकाट्यावर न्यावी का?

माउली, राम कृष्ण हरी.

तुमचा प्रश्न असा आहे: बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातून गावची दिंडी आषाढीला पंढरपूरला निघतेय. सामानासाठी यंदा पहिल्यांदाच ट्रॅक्टर आणि दोन चाकी ट्रॉली घेतलीय, तिच्यावर हजार लिटरची पाण्याची टाकी बसवलीय. ‘याच ट्रॉलीनं ऊस ओढलाय, दिंडीचं सामान त्याच्या निम्मंही नाही, मग काट्यावर न्यायची गरज आहे का? आणि नेलीच तर बघायचं काय?’

होय, न्याच. आणि एकदाच चढवून चिठ्ठी घेऊन येऊ नका, तेवढ्यानं काही कळत नाही. पाच आकडे लागतात. ते कसे घ्यायचे ते खाली सांगतो, पण आधी का ते ऐका.

मी अकरा हंगाम संकेश्वरच्या बाजूला ऊस ओढलाय. त्यामुळं पहिल्या वर्षी दिंडीची ट्रॉली माझ्याकडं आली तेव्हा मीही अगदी तुमच्यासारखाच विचार केला. चिकोडीच्या पुढं एका शेतात मुक्काम होता. पहाटे ट्रॅक्टर रस्त्यावर काढायचा होता. रात्री पाऊस होऊन गेलेला, मुरूम भिजलेला, बारीकसा चढ, आणि वर येऊन उजवीकडं वळायचं. मी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं मारलं. पुढची चाकं वळली, मला वरून दिसत होती ती आडवी झालेली. पण ट्रॅक्टर सरळच जात राहिला. ती दोन आडवी चाकं फिरतच नव्हती, मुरमाचा चिखल पुढं लोटत होती, कुळवानं माती लोटावी तशी. आणि समोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका रांगेत उभ्या होत्या. शेतात असल्यामुळं मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाच्या ब्रेकची दोन पेडलं सुटी होती, म्हणून उजवं पेडल दाबून ट्रॅक्टर फिरवता आला. वीणेकरी महाराज नुसते ‘विठ्ठल’ म्हणाले आणि ट्रॉलीला हात लावून उभे राहिले. माझे पाय संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

वजन जास्त झालं होतं का? नाही. उसाच्या खेपेपेक्षा कितीतरी कमी होतं. चूक वेगळीच होती, आणि ती कळायला मला काट्यावर जावं लागलं.

ऊस भरताना मोळ्या हौद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या पडतात. वजन आपोआप चाकांच्या मागं-पुढं वाटलं जातं, त्याचा विचारच करावा लागत नाही. दिंडीचं सामान तसं बसत नाही. पाण्याच्या टाकीचा नळ हाताशी यावा म्हणून आम्ही टाकी सगळ्यात पुढं ठेवली होती. तांदळाची पोती भिजू नयेत म्हणून तीही पुढं, टाकीला टेकून. मागं काय, तर ताडपत्र्या, अंथरुणं, पखवाजाच्या पेट्या. म्हणजे सगळा जड माल दांडीवर आला. दोन चाकी ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर बसते, हुक मागच्या चाकांच्याही मागं असतो. तिथं वजन दाबलं की मागची चाकं टेकू होतात आणि ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं. सपाटीला ते कळत नाही. चढाला ओढ लागली की उरलंसुरलं वजनही पुढच्या चाकांवरून उडतं आणि स्टिअरिंग हातात नावापुरतं राहतं.

आता काटा. आषाढात कारखान्यांचे काटे बंद असतात, तिकडं जाऊ नका. बेळगावच्या एपीएमसीत किंवा हायवेच्या कडेला, खडी क्रशरजवळ खासगी वे-ब्रिज मिळतो. उसाच्या गाड्यांची गर्दी या दिवसांत नसते, तरी दुपारी जा आणि काटेवाल्याला आधीच सांगा की पाच वेळा चढवणार आहे. मी न सांगता गेलो होतो, तिसऱ्यांदा चढवल्यावर तो कानडीत ‘मत्त तूका?’ म्हणून बाहेरच आला. परत वजन कशाला, म्हणून. दिंडीची गाडी आहे म्हटल्यावर मात्र स्वतः खाली उतरून चाकं कुठं टेकलीत ते बघायला लागला.

सामान निघताना जसं असेल अगदी तसंच भरून न्या. टाकी काठोकाठ, डिझेल फुल, सिलिंडर जागच्या जागी. प्रत्येक वेळी ड्रायव्हर सीटवर हवा, नाहीतर आकड्यांत माणसाएवढा फरक पडतो. गिअर न्यूट्रल, ब्रेक सोडलेला. आणि ज्या काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन काट्याच्या पातळीत आहे असाच काटा बघा, कारण काही चाकं काट्यावर आणि काही खाली ठेवून वजन करायचंय. जमीन वरखाली असेल तर आकडा खोटा येतो.

पहिला आकडा: ट्रॅक्टर आणि ट्रॉली, सगळं काट्यावर. दुसरा: ट्रॉली जोडलेलीच, पण मागं घेऊन ट्रॉलीची चाकं अलीकडं जमिनीवर राहतील असं थांबा, काट्यावर फक्त ट्रॅक्टर. तिसरा: फक्त ट्रॅक्टरची पुढची चाकं काट्यावर. मग ट्रॉली टेकूवर सोडा, चाकांना दोन्हीकडून दगड लावा. चौथा: एकटा ट्रॅक्टर. पाचवा: एकट्या ट्रॅक्टरची पुढची चाकं.

माझ्या त्या वर्षीच्या चिठ्ठ्या अजून टूलबॉक्समध्ये आहेत. सगळं मिळून ६,१२० किलो. एकटा ट्रॅक्टर २,१८०. म्हणजे ट्रॉली मालासकट ३,९४०. ट्रॉली जोडलेली असताना ट्रॅक्टर भरला २,९४०. दोघांतला फरक ७६०, तेवढं वजन दांडीनं हुकावर टाकलं होतं. ट्रॉलीच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा! आणि पुढची चाकं: एकट्या ट्रॅक्टरला ८६०, ट्रॉली जोडल्यावर ५६०. तीनशे किलो गायब. ट्रॅक्टरवर जे एकूण वजन येतं त्याचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर हवा, तरच स्टिअरिंग धरतं. २,९४०चा पाचवा हिस्सा ५८८. आम्ही सपाट काट्यावरच त्याच्या खाली होतो, चढाची तर गोष्टच सोडा.

तिथंच काट्याच्या बाजूला आम्ही सामान हलवलं. टाकी दोन फूट मागं सरकवली, तांदळाची दहा पोती चार फूट मागं नेली. बाकी कशाला हात लावला नाही. परत चढवलं: एकूण तेच ६,१२०, पण दांडीवर ४०० आणि पुढच्या चाकांवर ७००. एक किलोही न उतरवता. त्या दिवसापासून मी दांडीवर ट्रॉलीच्या वजनाचा दहावा हिस्सा धरून चालतो. पिकअपच्या मागं ट्रेलर ओढणारेही दहा ते पंधरा टक्क्यांतच ठेवतात. त्याहून कमीही करू नका. माल फार मागं गेला तर दांडी हुकाला वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि उताराला ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. ते तर याच्याहून वाईट.

तुमची टाकी म्हणूनच मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. हे असं सामान आहे की जे दिवसभरात संपतं आणि संध्याकाळी परत भरतं. टाकी पुढं असली तर रिकामी झाल्यावर दांडी हलकी होते. चाकांच्या मागं असली तर रिकामी होताना दांडी जड होत जाते आणि परत भरली की उचलली जाते. टाकी चाकांच्या जितकी जवळ तितका हा खेळ कमी. आमची दोन फूट मागं घेऊनही चाकांच्या थोडी पुढंच होती, रिकामी केल्यावर दांडीवर २२० उरलं, म्हणजे साडेसात टक्के. दहाव्या हिश्श्याच्या खाली गेलं, म्हणून पातेल्यांच्या पेट्या मी पुढं घेतल्या. तेव्हा दुसरा आणि तिसरा आकडा टाकी रिकामी करूनही घ्या. आणि अर्धी टाकी घेऊन घाट उतरू नका. वंटमुरीच्या घाटात ब्रेक मारला की अर्ध्या टाकीतलं पाणी पुढं येऊन आदळतं, तो धक्का सीटवर बसून कळतो. घाटाआधी एक तर काठोकाठ भरा नाहीतर रिकामी करा.

मोठ्या काट्यावर आकडा १० किंवा २० किलोच्या पटीत येतो, त्यामुळं दांडीचं वजन वजाबाकीनं काढताना थोडं इकडं-तिकडं होतं. खात्री करायची असेल तर आडतीत पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा असतो, त्यावर काट्यासकट हुकाएवढी उंची होईल असा लाकडी ठोकळा ठेवून सुटलेली दांडी टेकवा. थेट आकडा मिळतो. फक्त तो काटा किती किलोचा आहे ते आधी विचारा, ५०० किलोच्या काट्यावर साडेसातशेची दांडी टेकवून कुणाचा काटा मोडू नका.

पहिल्यातून दुसरा आकडा वजा केला की ट्रॉलीच्या दोन चाकांवरचं वजन मिळतं. ते टायरवर छापलेल्या क्षमतेशी ताडून बघा, दोन्ही टायरची मिळून. ऊस ओढून झिजलेले, कडेला भेगा पडलेले टायर असतील तर छापील आकड्यावर विसंबू नका, बदला. ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोघांच्याही आरसी बुकात रिकामं आणि भरलेलं वजन लिहिलेलं असतं, तेही सोबतच बघून घ्या. जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४मध्ये २०१९च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये आणि वरच्या दर टनाला २,००० रुपये दंड लिहिलाय. आणि कंपनी सांगते ती हायड्रॉलिकची उचल क्षमता म्हणजे ओढायची क्षमता नव्हे, त्यात बरेचजण फसतात.

रस्त्यावर आल्यावर ब्रेकची दोन्ही पेडलं पट्टीनं एकत्र अडकवा, शेतातली सवय तिथंच ठेवा. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर उताराला चार टन मागून ढकलणार, हे धरून चाला. घाट सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका, उतारात क्लच दाबायचा नाही.

शेवटचं, आणि हे मी हात जोडून सांगतो. मिरजेच्या पुढं गेल्यावर लोक दमतात. पायाला फोड आलेले, वयस्कर वारकरी ट्रॉलीवर बसायला मागतात आणि नाही म्हणवत नाही. पंधरा माणसं चढली की आठ-नऊशे किलो वाढतात, तेही ताडपत्रीच्या ढिगावर, उंचावर, आणि काट्यावर घेतलेला एकही आकडा मग खरा राहत नाही. ट्रॉली माणसांसाठी नाही. दमलेल्यांसाठी एखादी जीप किंवा टेम्पो ट्रॅव्हलर वेगळी ठरवा. वर्गणी कमी पडत असेल तर मंडप लहान करा, पण ती गाडी कमी करू नका. आमच्याकडं आता फाळक्याला साखळी असते आणि किल्ली चोपदारांकडं असते. त्यांना कुणी आग्रह करत नाही.

निघायला आठवडा असेल तर उद्याच जा, म्हणजे सामान बदलायला वेळ राहील. पाचही आकडे आणि टाकी चाकांपासून किती फूट पुढं आहे ते इथं लिहा, काय कुठं हलवायचं ते मी मोजून सांगतो.