‘प्रोबॅबिलिटी’ या इंग्रजी शब्दाला समानार्थी शब्द कोणते? तो रोजच्या बोलण्यात कसा वापरतात?

सर्वांत जवळचा शब्द ‘लाइकलिहुड’. बोलताना मात्र लोक सरळ ‘चान्स’ म्हणतात. पावसाचा अंदाज सांगताना ‘देअर इज अ हाय प्रोबॅबिलिटी ऑफ रेन’ हे बातमीपत्रात शोभतं. मित्राला सांगायचं तर ‘देअर्स अ गुड चान्स ऑफ रेन’. प्रोबॅबिलिटीला ‘हाय’ आणि ‘लो’ ही विशेषणं लावा, ‘बिग’ कानाला खटकतं.

‘पॉसिबिलिटी’ला समानार्थी समजू नका, गल्लत नेमकी इथेच होते. पॉसिबिलिटी म्हणजे घडू शकतं, एवढंच. प्रोबॅबिलिटी म्हणजे घडण्याची शक्यता किती. लॉटरी लागणं पॉसिबल आहे, प्रोबेबल नाही.

‘ऑड्स’ही याच घरातला, पण त्याचं गणित वेगळं. चारांत एकदा घडणाऱ्या गोष्टीची प्रोबॅबिलिटी 0.25, म्हणजे 25 टक्के. तिचे ऑड्स मात्र 1 ला 3, कारण इथे घडण्याची तुलना न घडण्याशी होते. प्रोबॅबिलिटी 0 ते 1 च्या बाहेर कधीच जात नाही, ऑड्स जातात. (संख्याशास्त्रात लाइकलिहुडलाही वेगळा, काटेकोर अर्थ आहे. परीक्षेत तो प्रोबॅबिलिटीच्या जागी लिहू नका.)

‘इन ऑल प्रोबॅबिलिटी’ हा वाक्प्रचार जरूर उचला. ‘इन ऑल प्रोबॅबिलिटी, ही हॅज लेफ्ट’, म्हणजे तो बहुतेक निघालाच असेल. हेच हलक्याफुलक्या बोलण्यात ‘चान्सेस आर, ही हॅज लेफ्ट’ असं होतं, आणि ते जास्त ऐकू येतं.