बाबा सीपॅप मशीन लावायला तयार नाहीत. खरंच सवय लागते का?

वडील घोरतात, मध्येच श्वास थांबतो, झोपेच्या तपासणीत एएचआय (तासाला श्वास किती वेळा अडतो तो आकडा) ३८ आला, आणि 'एकदा लावलं की कायमचं लागतं' म्हणून ते सीपॅपला, म्हणजे झोपताना मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनला, हात लावत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. माझे मिस्टर अगदी हेच म्हणायचे. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले.

सवय लागत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, हवेची वाट मिटते. ती वाट हवेच्या दाबाने उघडी ठेवणं, एवढंच मशीनचं काम. मशीन बंद केलं तर जुना त्रास परत येतो, चष्मा काढल्यावर नंबर तसाच असतो तसा.

३८ म्हणजे तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो. ३० च्या वर गेलं की हा झोपेत श्वास अडण्याचा आजार (स्लीप अ‍ॅप्निया) तीव्र धरतात. थांबू नका. घोरणाऱ्याला स्वतःला यातलं बहुतेकदा काही कळत नाही, म्हणून मी मिस्टरांचा झोपेतला व्हिडिओ काढून दाखवला. श्वास थांबलेला, पोट नुसतं वरखाली होतंय, आणि मग एकदम मोठा आचका. तो बघून ते गप्प झाले. बाबा गाडी चालवत असतील तर तेवढं आधी थांबवा. अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर मिस्टरांना डुलक्या यायच्या. उपचार लागू पडेपर्यंत मी त्यांना गाडी चालवू दिली नाही.

खरी कटकट मास्कची. दुकानात बसून मास्क ठीक वाटतो, आडवं झालं की हवा डोळ्यांत जाते. म्हणून तो झोपून, मशीन चालू ठेवूनच बसवून बघा. पट्टे आवळले की गळती उलट वाढते. मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलायचा, कडेची गादी हवेने फुगू द्यायची आणि अलगद टेकवायचा. तोंड उघडं राहत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मागा. सुरुवातीला संध्याकाळी टीव्ही बघताना थोडा वेळ लावू दे, घुसमट कमी होते. थंडीत नळीत पाणी साचलं तर नळी पांघरुणाखालून घ्या.

वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, दारू बंद, हे सगळं हवंच, पण मशीनबरोबर. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. आणि दुपारी जेवून आडवे झाले तरी मास्क लावायचाच.